बिनतोंडाचं शिलिंग

हल, सोमवार, १४ जानेवारी १९६३

प्रिय बेरिलताईला थेल्माचा नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघी खुशाल आहोत. म्हणजे हेझल खुशाल आहे. थोडा खोकला आहे, पण दूध पिते, आणि आता हातात येईल ते तोंडात घालते. मी खुशाल नाही. पण ते मागून सांगते, आधी चांगलं सांगते.

क्लिफ मंगळवारी मासेमारीच्या बोटीवर गेला. या वेळी मी सगळं नीट पाळलं गं. त्या दिवशी एक कपडा धुतला नाही. बायकोनं त्या दिवशी धुणं काढलं तर नवरा पाण्यात वाहून जातो म्हणतात ना, मग लंगोटांचा डोंगर झाला तरी झाला. गोदीवर गेले नाही, हात हलवला नाही, दारातूनच आत वळले. त्यानं मात्र नेहमीसारखं टॅक्सीतून खिशातली सगळी चिल्लर पोरांना उधळली. एक पेनी समोरच्या मेबलच्या काचेवर आपटली. बोटवाले दोन फेऱ्यांमध्ये तीनच दिवस घरी, म्हणून मेबल म्हणाली, तीन दिवसांचा लखपती निघाला वाटतं. तीन आठवड्यांनी येईल, आइसलँडकडे गेलाय.

थंडी तर विचारू नकोस. नळ गोठला, अंगणातला संडास गोठला, दुधाची बाटली दारात फुगून टोपण वर घेऊन उभी असते, टोपी काढल्यासारखी.

आता वाईट सांगते. काल रविवार. दुपारी गॅस गेला. पर्समध्ये दहा शिलिंगची अख्खी नोट होती, बरणीत पेन्या होत्या, क्लिफनं गंमत म्हणून ठेवलेला तो चिमणीच्या छापाचा, पाव पेनीचा फार्दिंगसुद्धा होता, जो आता कोणी घेत नाही. पण शिलिंग एकही नाही. मीटरच्या भोकात नाणं घातलं तरच गॅस येतो, आणि त्याला शिलिंगच लागतं. नोट काय चारायची त्याला? दुकान बंद. मेबलकडे गेले, तर ती माझ्याकडेच यायला निघालेली. अख्ख्या गल्लीची शिलिंगं मीटरांच्या पोटात गेलीत. परत आले तर हेझल खोकतेय, आणि तिचे ओठ मला निळे दिसले. खरंच निळे होते की मला वाटलं, माहीत नाही.

ताई, मी हेझलचं शिलिंग घातलं.

तुला आठवतं ना, हेझल झाली तेव्हा सासूबाई रीतीप्रमाणे अंडं, मीठ, काडेपेटी आणि ते जुनं शिलिंग घेऊन आल्या होत्या? त्यांच्या आईचं. म्हाताऱ्या राणीच्या वेळचं, गेल्या शतकातलं. एवढं झिजलंय की राणीला तोंडच नाही. त्या म्हणतात, घरातल्या सगळ्या पोरांनी हिरड्यांनी चावून चावून ते पुसलं. हेझलच्या मुठीत ठेवलं तर ती सोडेना. सासूबाई केवढ्या फुगल्या होत्या, पैसा धरून ठेवणारी, माझ्यावर गेलीय म्हणून. मग ते पिशवीत घालून तिच्या उशीखाली ठेवलं, आणि जाताना मला दारात बजावलं होतं की बाप समुद्रावर असेपर्यंत हे घराबाहेर जाता कामा नये.

आणि मी ते मीटरमध्ये घातलं. क्लिफ बर्फात आहे आणि मी त्याचं नशीब विकून दूध गरम केलं. रात्रभर डोळा लागला नाही. त्याला काही झालं तर मी काय करू? लवकर लिही.

तुझी,
थेल्मा

ता. क. आईला सांगू नकोस.

•

लीड्स, गुरुवार, १७ जानेवारी

चि. थेल्मास आणि माझ्या भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बसच्या पायरीवर उभी राहून वाचलं. त्या नादात दोन बायका तिकिटाविना गेल्या आणि एका म्हाताऱ्याला मी सुट्टे जास्त दिले. ते तुझ्या खात्यावर.

आधी रडू थांबव. पोरीला ऊब दिलीस, बँक लुटली नाहीस. आणि तू नशीब विकलंस वगैरे काही नाही. ते तुझ्याच जिन्याखाली, कुलपाच्या डब्यात बसलंय. गॅसवाला पैसे काढायला येईल तेव्हा सगळा डबा तुझ्याच टेबलावर ओतेल ना? तिथं ते बिनतोंडाचं शिलिंग शोध, त्याच्या हातावर दुसरं ठेव, आणि आपलं उचल. संपलं. मी दिवसभर नाणीच चाचपते, मला विचार. तिकिटाच्या थैलीत म्हाताऱ्या राणीच्या पेन्या अजून येतात, इतक्या गुळगुळीत की डोळे मिटून ओळखाव्यात. तुझं शिलिंगसुद्धा शंभरातून हाताला लागेल.

तोवर हेझलच्या उशीखालच्या पिशवीत दुसरं एखादं शिलिंग घालून ठेव. तुझी सासू पिशवी उघडून थोडीच बघणार आहे?

हेझलच्या छातीला हंसाची चरबी चोळ. वास येतो, पण खोकला पळतो. आणि दूध पाजताना रडू नकोस, बाळाला कळतं.

सगळ्यांवर माया आहेच, तुझ्यावर जरा जास्त.

बेरिल

•

हल, मंगळवार, २२ जानेवारी

प्रिय बेरिलताईला सा. न.

चरबी चोळली. खोकला कमी आहे. घराला मात्र खाटकाच्या दुकानाचा वास येतो, आणि मेबलचं मांजर दारातून हलत नाही.

तू म्हणालीस तसं पिशवीत नवं कोरं शिलिंग घातलं, आपल्या राणीचं. रविवारी सासूबाई पाव आणि मासे घेऊन आल्या. आल्या आल्या पाळण्यापाशी गेल्या आणि सवयीनं उशीखाली हात घातला, पिशवी चाचपली. आयुष्यभर जाळी विणून त्यांचा अंगठा लाकडासारखा झालाय, त्या अंगठ्यानं चोळत बसल्या. मी घाईनं चहा ओतायला लागले. चहात साखर कमी आहे म्हणाल्या, एवढंच. मग मला म्हणाल्या की तू वाळलीस, आणि स्वतःच्या ताटातला मासा माझ्या ताटात टाकला. वाचले असं म्हणायचं.

पण आता दुसरंच झालंय. तू हसशील, पण हसू नकोस.

ते शिलिंग घातलं तेव्हापासून गॅस संपतच नाही! म्हणजे संपतो, काटा खाली येतो, पण गेल्या बुधवारी हेझल कडेवर होती आणि नाणं घातल्यावर फिरवायचा तो मीटरचा दांडा माझ्या हातून नाणं घालायच्या आधीच फिरला, तर काटा आपला वर चढला. मला वाटलं चुकून. पुन्हा फिरवला, पुन्हा चढला. ते शिलिंग आत कुठंतरी आडवं बसलंय ताई. खाली पडलंच नाही. मीटरला वाटतंय की दर वेळी कोणीतरी नवीन घालतंय.

पहिले दोन दिवस मी राणीसारखी राहिले. दोन्ही खोल्या गरम, बर्फ वितळवून हेझलला रोज अंघोळ. मला वाटलं नशीबच पावलं. मग काल मेबलनं बोलता बोलता सांगितलं की मागच्या गल्लीतल्या एकीनं लोखंडी चकती घासून मीटरमध्ये घातली होती. तिला कोर्टात उभं केलं आणि पेपरात नाव आलं, पत्त्यासकट. मेबल हसत होती.

म्हणजे आता मी चोर पण झाले. क्लिफ येईल तेव्हा मी तुरुंगात असेन आणि हेझल कोणाकडे असेल? मी विणकामाची सुई घालून ते शिलिंग काढायला बघितलं. निघालं नाही, उलट भोकाला चरा पडला. आता तर म्हणतील हिनं मीटर फोडला. काय करू ते लगेच कळव.

तुझी घाबरट बहीण,
थेल्मा

•

लीड्स, शुक्रवार, २५ जानेवारी

चि. थेल्मास आशीर्वाद.

हसले. माफ कर, पण पोट धरून हसले, डेपोतल्या बायका विचारायला लागल्या. सगळं यॉर्कशायर शिलिंगासाठी दारोदार फिरतंय आणि माझी बहीण एका शिलिंगात हिवाळा काढतेय.

आता ऐक. सुई बाजूला ठेव, मीटरला हात लावू नकोस. एक रिकामी मुरंब्याची बरणी घे. दांडा एकदा फिरवलास की बरणीत एक शिलिंग टाक. शिलिंग नसेल तर बारा पेन्या, नाही तर सहा पेन्यांची दोन, नाही तर तीन पेन्यांची, बारा कोपऱ्यांची ती पितळी चार. काहीही टाक, पण टाक. चोर कधी बरणी भरून ठेवत नाही. गॅसवाला आला की तोंड उघडायच्या आधी बरणी त्याच्यापुढं ठेव. मागच्या फेऱ्यांचे पण टाक, आठवतील तेवढे.

आणि सासूबाईंना खरं सांगून टाकलंस तर बरं, असं आता मला वाटायला लागलंय. पण तुझी सासू तू ओळखतेस, मी फक्त लग्नात पाहिली. तेव्हा त्यांनी माझ्या हिरव्या टोपीकडे असं बघितलं होतं की मी ती कोटात लपवली.

क्लिफ आला की मला एक ओळ टाक. जीव लागलेला आहे, माहीत आहेच तुला.

बेरिल

•

हल, शुक्रवार, १ फेब्रुवारी

प्रिय बेरिलताईला नमस्कार.

क्लिफ आला नाही.

मंगळवारी यायचा होता. आज क्लिफचा पगार घ्यायला बोटीच्या ऑफिसात गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला की वादळ आहे, बोटी कुठंतरी खाडीत आडोशाला थांबल्यात, काळजी नको. माझ्या पुढच्या बाईला पण तेच म्हणाला, त्याच आवाजात. पाठ केल्यासारखं. मेबलच्या रेडिओवर बोटवाल्यांचं बोलणं लागतं. आम्ही दोघी कान लावून बसतो. खरखर, खरखर, मग कोणीतरी कोणालातरी शिव्या देतो, मग पुन्हा खरखर. काल एक कप्तान सांगत होता की दोरांवर माणसाच्या मांडीएवढा बर्फ चढलाय आणि पोरं कुऱ्हाडीनं फोडताहेत. बर्फ फार झाला की बोट उलटते, ते कोणी बोललं नाही. मेबलनं रेडिओ बंद केला आणि म्हणाली चल, बिस्किटं खाऊ.

माझ्यामुळं झालं हे. तू काहीही म्हण. मी शिलिंग घातलं आणि वादळ आलं.

बरणी भरत आलीय. मी विसरायला नको म्हणून कधी कधी दोनदा टाकते. दांडा फिरवला की टाकते, आणि मग टाकलं की नाही आठवत नाही म्हणून पुन्हा टाकते. आता माझ्याकडं भाजीला पेन्या नाहीत. काल बटाटे उधार आणले, आणि बरणी शेजारी ओसंडतेय. तू असतीस तर काय बोलली असतीस ते ऐकू येतंय मला.

सासूबाई आता रविवारी नाही, रोज येतात. जाळं इथंच घेऊन येतात, दाराच्या मुठीला अडकवून विणत बसतात. क्लिफबद्दल एक शब्द बोलत नाहीत. मी रडायला लागले की मला काम सांगतात. काल म्हणाल्या, ही सुतळी गुंडाळ, ही नीट नाही गुंडाळलीस, पुन्हा गुंडाळ. मला वाटतं नीट होती. मग पाळण्यापाशी जाऊन ती पिशवी चाचपतात आणि खिडकीबाहेर बघतात. मला दर वेळी वाटतं की आता विचारतील. ताई, दोनदा मी सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी, दूध उतू जातंय बघ, म्हणून मला उठवलं. एकदा तर शेगडीवर दूधच नव्हतं.

त्यांना पण काळजीनं भ्रम होत असेल.

पत्र पाठव, चार ओळींचं पण चालेल.

थेल्मा

•

हल, बुधवार, ६ फेब्रुवारी

प्रिय, प्रिय बेरिलताई, शि. सा. न. आणि एक पापा.

बस. पाणी पी. मग वाच.

काल गॅसवाला आला. मिस्टर पिकरिंग, दर वेळी येतो तोच, लांब नाकाचा. आणि कधी आला? सासूबाई समोर खुर्चीत बसल्या होत्या तेव्हा! मंगळवारी त्यांचा बाजार असतो, पण काल सकाळपासून येऊन बसलेल्या, केक घेऊन. मी मनात म्हटलं, घ्या, कोर्ट आणि सासू एकाच दिवशी.

त्यानं जिन्याखाली जाऊन कुलूप काढलं, डबा आणला आणि टेबलावर ओतला. आठ-नऊ शिलिंगं, आणि तीन आठवडे घर भट्टीसारखं तापलेलं. तो डब्याकडं बघतो, मग मीटरच्या आकड्याकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. मी बरणी उचलली आणि त्याच्यापुढं आपटली, इतक्या जोरात की पेन्या टेबलभर झाल्या. आणि मग सगळं एका दमात सांगितलं. नोट, रविवार, निळे ओठ, शिलिंग, दांडा, सुई, सगळं. सासूबाईंसमोर. त्यांच्याकडं बघायची छाती झाली नाही.

पिकरिंगनं मीटरचं तोंड उघडलं, चिमट्यानं आत शोधलं, आणि काढलं बाहेर. आपलं शिलिंग. त्यानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाला, जुनं यंत्र आणि झिजलेलं नाणं, आतले दात त्याला धरेनात म्हणून अडकून बसलं, या थंडीत हे चौथं घर. मग म्हणाला, पण बाई, हे मला घेता येणार नाही. याला तोंड नाही, सन नाही, बँक याला नाणं म्हणणार नाही. ही नुसती चकती आहे. हे परत ठेवा आणि मला याच्या जागी एक खरं शिलिंग द्या.

ताई, मी अजून श्वास सोडला नव्हता तेवढ्यात सासूबाई उठल्या. मला वाटलं आता माझ्यावर. तर त्या पिकरिंगवर! चकती? म्हणाल्या, चकती कोणाला म्हणतोस रे? माझ्या आईचं शिलिंग आहे ते. तुझ्या टोपीवरचा बिल्ला चकती, तुझ्या कोटाची बटणं चकती! चांदी आहे ती, तुझ्या हल्लीच्या शिलिंगांसारखी पत्र्याची नाही. लांब नाक आहे तर जरा वास घेऊन बघ! बिचारा खुर्चीसकट मागं सरकला. म्हणाला, बाई, मी तर तुमच्याच फायद्याचं बोलतोय. तुम्ही म्हणत असाल नाणं, तर ते गॅस कंपनीचं झालं, मला थैलीत टाकावं लागेल.

सासूबाई थांबल्या. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, चकती आहे. केक घे.

मी हसले गं. एवढ्या दिवसांनी. आणि हसता हसता रडले, आणि हेझलनं बघून भोकाड पसरलं.

मग त्यानं मीटरच्या आकड्यावरून हिशेब लावला आणि बरणीतली नाणी टेबलावर बोटानं सरकवत थप्प्या केल्या, पेन्यांच्या बारा-बाराच्या. मी इतकं जास्त टाकलं होतं की त्यानं एक मोठी थप्पी माझ्याकडं परत सरकवली, वर कंपनीची नेहमीची सूट. बटाट्याची उधारी फिटली आणि हेझलला लोकर घेता येईल. कागदावर फक्त एवढंच लिहिलं, मीटर नादुरुस्त. चऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

तो गेल्यावर मी सासूबाईंची माफी मागायला गेले. म्हटलं, मी ते खर्च केलं. तर म्हणाल्या, कुठं खर्च केलंस? ऐकलं नाहीस का, ते नाणंच नाही. जे नाणं नाही ते खर्च कसं होईल? आणि घराबाहेर तर गेलंच नाही, जिन्याखालीच होतं, तिथून बसून पोरीला ऊब देत होतं. आता उठ आणि ही सुतळी गुंडाळ.

मी गुंडाळली. या वेळी नीट आहे म्हणाल्या.

क्लिफची अजून बातमी नाही. पण शिलिंग घरात आहे, आता माझा जीव जरा खाली बसलाय. आता येईल तो.

अशीच माया ठेव.

थेल्मा

•

हल, गुरुवार, ७ फेब्रुवारी

चि. बेरिलला थेल्माची सासू ॲडा हिचे आशीर्वाद.

माझं पत्र बघून घाबरू नकोस. थेल्माकडून पत्ता घेतला, तुला लोकरीचा नमुना विचारायचाय असं सांगून. नमुना नकोय मला.

बरणीची अक्कल तुझी, हे तिनं सांगितलं. शहाणी आहेस. त्या हिरव्या टोपीबद्दल मी तुला माफ केलं.

पिशवीतलं शिलिंग बदललंय ते मला पहिल्याच रविवारी कळलं. नव्या नाण्याच्या कडेला दाते असतात, कापडातून सुद्धा लागतात. आणि त्या आठवड्यात गल्लीत कोणाकडं शिलिंग नव्हतं, पण हिचं घर गरम. जिन्याखाली जाऊन बघितलं तर मीटरवर सुईचा चरा. बाकी मला कोणी सांगायला नको. मी बोलले नाही, कारण अंगावर पाजणारी बाई घाबरली की दूध आटतं, आणि ती आधीच पानासारखी हलत होती. ती सांगायला यायची तेव्हा मीच उठवायची तिला. तिनं सांगितलं असतं तर मला रागवावं लागलं असतं, आणि मला ते जमलं नसतं. मग गॅसच्या ऑफिसात जाऊन विचारून आले की त्यांचा माणूस आमच्या गल्लीत कधी येतो, आणि त्या दिवशी केक घेऊन बसले. पिकरिंगवर ओरडले ते मात्र खरं ओरडले. चकती म्हणतो!

आता जे सांगते ते तिला सांगू नकोस.

क्लिफ दोन वर्षांचा होता तेव्हा माझा नवरा वॉल्टर असाच हिवाळ्यात तिकडं गेला. शिलिंग घरातच होतं. कपाटात, कुलपात. मी काहीही धुतलं नाही, गोदीवर गेले नाही. आणि तो आला नाही. तेव्हा शिलिंगानं काय होतं आणि काय होत नाही, ते मला माहीत आहे.

सगळ्यांना मी सांगते की पोरांनी चावून ते झिजवलं. पोरं कशाला चावतात एवढं? मी झिजवलं. पहिले सहा आठवडे बातमीची वाट बघत, आणि मग बातमी आल्यावरही कितीतरी वर्षं, अंगठ्याखाली धरून. राणीचं तोंड मी पुसलं. तेवढंच पातळ झालं ते, म्हणून मीटरमध्ये अडकलं असणार. पोरगी त्यावर उबेत राहिली. काल रात्री अंथरुणात हा विचार आला आणि मला जरा बरं वाटलं, म्हणून कोणालातरी लिहावंसं वाटलं.

मग तिला ते दिलंत कशाला, असं तू म्हणशील. अगं, हातात काहीतरी धरायला लागतं. रिकामे हात फार वाईट.

क्लिफच्या बोटीचं काही कळलं नाही. मी तिच्यासमोर जाळं विणते. हात चालू असले की ती मला बघून शांत राहते.

हे पत्र वाचलंस की शेगडीत घाल. आणि आलीस कधी इकडं तर माझ्याकडे जेवूनच जा.

ॲडा

•

हल, सोमवार, ११ फेब्रुवारी

प्रिय बेरिलताईला थेल्माचा, क्लिफचा आणि हेझलचा नमस्कार.

वाचलंस ना? क्लिफचा!

काल पहाटेच्या भरतीला बोट आली. टॅक्सी गल्लीत शिरली तीच हॉर्न वाजवत. दाढीत अजून मीठ, दोन बोटं बर्फानं सुजलेली, बाकी अख्खा. दारात पोचायच्या आधी खिशातलं होतं नव्हतं ते पोरांना उधळलं, आणि या वेळी मेबलची काच खरंच तडकली. मेबलनं त्याला मिठीच मारली आणि मग काचेचे पैसे मागितले.

आल्या आल्या त्याला अंघोळीला पाणी तापवायचं होतं, आणि मीटरपाशी उभा राहून ओरडतो की शिलिंग आहे का गं? सासूबाई आणि मी एकमेकींकडं बघितलं. मग त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो इतका हसला की सुजलेली बोटं दुखायला लागली. म्हणाला, मी तिकडं कुऱ्हाडीनं बर्फ फोडत होतो आणि आमच्याकडं फुकट उकाडा.

सासूबाई बराच वेळ त्याच्या शेजारी नुसत्या बसल्या होत्या, त्याची बाही धरून. मग पिशवीतलं आपलं शिलिंग काढलं आणि हेझलच्या मुठीत ठेवलं, जन्मल्यावर ठेवलं होतं तसं. म्हणाल्या, बघू, अजून माझ्यावर आहेस का. ताई, तिनं एकदा बापाकडं बघितलं आणि दिलं फेकून! खोलीच्या पार टोकाला. गडगडत गेलं ते कोळशाच्या बादलीखाली. क्लिफ म्हणाला, संपलं, ही माझ्यावर गेली, उधळी.

मला वाटलं सासूबाईंना राग येईल. तर त्या हसत सुटल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी ते शोधून आणलं, एप्रनच्या टोकानं पुसलं, पुन्हा तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, टाक गं बाई, टाक. तिनं पुन्हा टाकलं. असं किती वेळ चाललं होतं म्हणून सांगू. मग त्या खिडकीपाशी जाऊन डोळे पुसत उभ्या राहिल्या. हसून हसून आलं असेल पाणी.

लोकरीचा कसला नमुना हवाय त्यांना? मी विचारलं तर म्हणाल्या, बेरिलला सगळं कळवलंय. पाठवून दे म्हणजे झालं.

आज मी सगळे लंगोट धुतले. नळ सुटला.

क्लिफ परवा परत जाणार आहे. जाऊ दे, आजचं आज. तुझी आठवण काढते, तूही काढत जा.

तुझी,
थेल्मा